पिठलं आणि वितळलेलं ॲल्युमिनियम

पिठलं करताना डाळीचं पीठ एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या ठरलेल्या. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही हेच ॲल्युमिनियममध्ये केलं. मुशीत ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला रस, त्यात पातं फिरवून पाडलेला भोवरा आणि वरून पेरलेली सिलिकॉन कार्बाइडची भुकटी. रंगारी घासकामाला वापरतात त्या काळ्या वॉटर पेपरवरचे कण याच पदार्थाचे. पहिल्या खेपेला बरीचशी भुकटी मळीत अडकून वरच तरंगत राहिली.

एवढा खटाटोप कशासाठी? ॲल्युमिनियमचं वजन कमी, पण ते भाराखाली पटकन वाकतं. तांबं, जस्त, मॅग्नेशियम मिसळून आणि उष्णतेचे संस्कार करून त्याची ताकद कितीतरी वाढवता येते. ताठपणा, म्हणजे भाराखाली न वाकण्याचा गुण, मात्र जागचा फारसा हलत नाही; गिगापास्कल या मापात ७० च्या आसपासच राहतो. सिलिकॉन कार्बाइडचा ताठपणा ४०० च्या वर. त्याचे कण आकारमानाने २० टक्के मिसळले, तर ॲल्युमिनियम १०० च्या घरात पोचतं आणि वजन जेमतेम वाढतं. हे कण धातूत विरघळत नाहीत. चिक्कीत गूळ शेंगदाण्यांना धरून ठेवतो, तसा धातू कणांना धरून ठेवतो. म्हणून याला मिश्रधातू न म्हणता मेटल मॅट्रिक्स कंपोझिट म्हणायचं. किंमतही चुकवावी लागते: ताणल्यावर लांबण्याची धातूची तयारी बरीच कमी होते.

आता आमची भुकटी तरंगली का? सिलिकॉन कार्बाइड तर वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जड. पण रस त्याला भिजवतच नाही. अळूच्या पानावर पाणी जसं थेंब होऊन बसतं, तशी गत. त्यात रसावर ऑक्साइडची साय असते, ती कणांना आत जाऊ देत नाही. उपाय घरगुती वाटावेत असे आहेत. भुकटी आधी रव्यासारखी भाजून घ्यायची, म्हणजे ओल आणि चिकटलेले वायू निघून जातात. रसात टक्काभर मॅग्नेशियम टाकायचं. १९६५ च्या सुमारास इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत ग्रॅफाइटच्या कणांना निकेलचा मुलामा देऊन ते ॲल्युमिनियममध्ये घातले गेले, तेही याच अडचणीपायी. त्या कामातले प्रदीप रोहतगी पुढे भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले.

भिजवण्याच्या नादात रस फार तापवला किंवा फार वेळ ठेवला, की उलटं संकट. दोघांची रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि ओल लागली की मिथेन सोडत कुजतं. मग रसात आधीच आठ-नऊ टक्के सिलिकॉन ठेवून ही क्रिया दाबतात. कणाने धातूला धरावं, पण त्याच्याशी फार सलगी करू नये! माझ्या मते या शास्त्रातली खरी मेख त्या सीमारेषेवरच आहे. ताठपणाची गणितं त्यामानाने सोपी.

ढवळणं टाळायचं तर सिरॅमिक तंतूंचा सच्छिद्र ठोकळा आधी साच्यात ठेवून त्यात दाबाने रस भरतात. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल इंजिनाचे पिस्टन असे बनवले, तेही सबंध नव्हे. सर्वात वरची रिंग जिथे बसते आणि झिजवते, तेवढ्या खाचेपुरतेच तंतू. महाग माल कुठे वापरायचा याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. हबल दुर्बिणीच्या अँटेनांचे सुमारे ३.६ मीटर लांबीचे दांडे ग्रॅफाइटचे तंतू घातलेल्या ॲल्युमिनियमचे आहेत. कक्षेत ऊन-सावली सारखी बदलते, तरी त्यांची लांबी जवळजवळ तीच राहते. शिवाय धातू असल्याने तेच दांडे रेडिओलहरी वाहून नेणारी नळीही होतात.

आमचा दुसरा ओतीव दांडा जमला, आणि आम्ही तो लेथवर चढवला. हाय-स्पीड स्टीलचं टूल दोन फेऱ्यांत बोथट झालं. वर्कशॉपमधले काका टूलची कड बोटाने चाचपत म्हणाले, "हे ॲल्युमिनियम आहे की कानस?" मग त्यांनी टंगस्टन कार्बाइडची टिप लावली. ती थोडी जास्त टिकली, पण सिलिकॉन कार्बाइड तिच्याहूनही कठीण, त्यामुळे तीही हरली. कारखान्यात अशा कामाला हिऱ्याचं टूल लावतात; ते आमच्या बजेटमध्ये नव्हतं. गंमत म्हणजे ती टिपसुद्धा कंपोझिटच: टंगस्टन कार्बाइडचे कण, कोबाल्टने धरलेले.