गॅलरीतली अँटेना, घरातली खरखर

जळगाव-धुळ्याकडच्या नव्या अपार्टमेंटांत गॅलरी असते जेमतेम आठ-दहा फुटांची, आणि तीही वॉशिंग मशीन, तुळस आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेली. गच्चीला सोसायटीचं कुलूप. भाड्यानं राहत असाल तर भिंतीला खिळा ठोकायचीही चोरी. आणि रेडिओचं कुठलंही पुस्तक उघडलं की ते सांगतं, 7.1 मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तार हवी, सुमारे 20 मीटरची, मोकळ्या जागेत, जमेल तितकी उंच. हे वाचून कित्येक जण शॉर्टवेव्हचा नाद तिथंच सोडतात. पण तो हिशेब मुख्यतः संदेश पाठवणाऱ्याचा आहे. नुसतं ऐकणाऱ्याची तार आखूड असली तरी भागतं. त्याला हवी असते शांत जागा, आणि आजच्या घरात खरी टंचाई तिचीच आहे.

शॉर्टवेव्ह म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झ. 300 ला मेगाहर्ट्झनं भागलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. 6 मेगाहर्ट्झवरच्या स्टेशनची लाट 50 मीटरची, भुसावळला उभ्या असलेल्या गाडीचे दोन डबे मावतील एवढी. या लाटा वर जातात, आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, वळतात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर खाली उतरतात. असा थर खरोखरच आहे हे एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी 1924 मध्ये बीबीसीच्या बॉर्नमथच्या प्रक्षेपकाच्या मदतीनं दाखवून दिलं, आणि 1947 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दिवसा 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर खालच्या वारंवारतेच्या लाटा गिळतो, रात्री तो विरतो. म्हणून 49 आणि 41 मीटरचे पट्टे दिवेलागणीनंतर भरतात, तर 19 मीटरचा पट्टा भर दुपारीही चालतो.

आता आखूड तारेकडे वळू. अँटेना लहान केली की स्टेशनचा संकेत क्षीण होतो, हे खरंच. पण त्याच अँटेनातून येणारी बाहेरची खरखरही तेवढीच क्षीण होते. आपल्या कानाला कळतं ते या दोघांमधलं प्रमाण, आणि ते तर बदललेलं नसतं. साधारण 15 मेगाहर्ट्झच्या खाली बाहेरून येणारी खरखर रेडिओच्या स्वतःच्या सर्किटमधल्या खरखरीपेक्षा खूपच जास्त असते. त्यामुळे अँटेना बरीच आखडली तरी काही बिघडत नाही, आवाजाचं बटण थोडं पुढे फिरवलं की झालं. हे कुठवर चालतं, तर बाहेरची खरखर रेडिओच्या आतल्या खरखरीएवढी खाली येईपर्यंत. याची चाचणी सोपी आहे. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि अँटेनाची पिन काढा. फुसफुस स्पष्ट कमी झाली, तर तुमची अँटेना पुरेशी आहे. त्यापुढे तार वाढवून हाती फारसं काही लागत नाही.

ही बाहेरची खरखर तीन ठिकाणांहून येते. एक, जगभर, विशेषतः विषुववृत्ताच्या आसपास, सतत कडाडणाऱ्या विजा. दोन, आकाशगंगा. कार्ल जान्स्की 20.5 मेगाहर्ट्झवर खरखरीचा उगम शोधत होते, आणि 1933 मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यातला एक भाग चक्क आकाशगंगेतून येतो. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म तिथला. या दोन्हींवर आपला इलाज नाही. तिसरं ठिकाण म्हणजे आपलं घर, आणि सगळ्यात जास्त त्रास त्याचाच.

जुन्या वाड्यात दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी आडवी टांगलेली असायची, आणि तेवढ्यावर रेडिओ सिलोन स्वच्छ लागायचं. आज तीच पट्टी त्याच जागी टांगली तर नुसती गुणगुण ऐकू येईल. पट्टी बदललेली नाही, घर बदललं आहे. तेव्हा घरात पिवळे बल्ब आणि फार तर एक पंखा. आता एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा अ‍ॅडॅप्टर, आणि गच्चीवर सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर. या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून व्होल्टेज बदललेलं असतं. अशा प्रत्येक तोडजोडीतून मूळ वारंवारतेच्या पटींमध्ये लाटा निघतात आणि थेट शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात. त्या पसरवायला घरातलं वायरिंग असतंच. अँटेना घरात लावायची म्हणजे ती याच जाळ्याच्या कुशीत लावायची. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर असा बेरकी, की मधल्या नंबरवर घरघरतो आणि पाचवर गप्प बसतो.

खानदेशात हे समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. लाईट गेली की बॅटरीवरचा रेडिओ लावायचा. अख्ख्या गल्लीची लाईट गेलेली असेल आणि घरात इन्व्हर्टर नसेल, तर खरखर अशी काही खाली बसते की आधी नावालाही नसलेली स्टेशनं वर येतात. बाहेर भारनियमनाला शिव्या चाललेल्या असतात, आणि शॉर्टवेव्हवाल्याची मात्र चंगळ. लाईट असतानाही हा प्रयोग करता येतो. मेन स्विच बंद करून एकेक एमसीबी चढवत गेलं की खरखर कुठल्या खोलीतून येते ते सापडतं. बहुतेकदा अपराधी एखादा स्वस्त चार्जर किंवा बल्बच निघतो. तो बदलणं कुठल्याही अँटेनापेक्षा स्वस्त पडतं. शेजारच्यांच्या चार्जरवर मात्र आपली सत्ता नाही, आणि भुसावळसारख्या गावात रुळांवरच्या 25 हजार व्होल्टच्या तारेवर ठिणग्या उडतात त्यांवर तर मुळीच नाही.

घर कशाचं आहे, यानंही फरक पडतो. आरसीसीच्या भिंती-स्लॅबमधली सळयांची जाळी 50 मीटरच्या लाटेला बऱ्यापैकी अडवते. पत्र्याच्या छताखाली अवस्था आणखी वाईट. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरात मात्र वर लाकडी तुळया आणि माती, त्यामुळे अशा घरात आढ्याखालून फिरवलेली तारही छान काम करते. फ्लॅटवाल्यानं मुकाट्यानं गॅलरी गाठावी आणि कठड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत जावं. लोखंडी ग्रिलपासून आणि वायरिंगपासून जितकं लांब राहता येईल तितकं बरं.

तिथं लावायला माझ्या मते लूपइतकं, म्हणजे तारेच्या गोल कड्याइतकं, चांगलं दुसरं काही नाही. 16 मिलिमीटरची ठिबकची नळी आपल्याकडे कुठंही मिळते. साधारण सव्वातीन मीटरचा तुकडा घेऊन त्यातून तांब्याची तार ओवायची. तार मोटार रिवायंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते, आणि खानदेशात विहिरी-बोअरच्या मोटारी आहेत तोवर या दुकानांना मरण नाही. नळी वाकवून 1 मीटर व्यासाचं कडं करायचं आणि तारेची दोन टोकं जुन्या रेडिओतल्या पत्र्यांच्या गँगला, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या कपॅसिटरला, जोडायची. साधारण 4 ते 12 मेगाहर्ट्झ एवढ्यात येतं, म्हणजे रात्रीचे सगळे मुख्य पट्टे. आत, खालच्या बाजूला 20 सेंटीमीटर व्यासाचं छोटं वेटोळं, आणि त्यातून निघालेली कोअ‍ॅक्स केबल (केबल टीव्हीला असते तसली, बाहेरून जाळी असलेली) रेडिओला. मोठ्या कड्याचा या वेटोळ्याशी किंवा केबलशी जोड नसतो, ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पोचते. गँग फिरवत गेलं की एका जागी फुसफुस एकदम उसळते. तिथं कडं जुळलं. वारंवारता बदलली की पुन्हा जुळवायचं.

लूपची खरी किमया त्याच्या बहिरेपणात आहे. कड्याच्या प्रतलाला काटकोनात असलेल्या दिशेनं त्याला जवळपास काहीच ऐकू येत नाही. कडं हळूहळू फिरवा, शेजारच्या घरातली घरघर एका कोनात दबते. मग स्टेशनही दबत नाही का? क्वचित दबतं. दूरचं स्टेशन आयनांबरातून तिरपं, वरून उतरतं आणि त्याच्या लाटेचं वळणही सतत बदलत असतं. त्याला तो बहिरा कोन सहसा सापडत नाही. खरखर मात्र आडवी येते आणि त्यात अडकते. केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही घरातली खरखर चोरवाटेनं येते. त्यासाठी जुन्या मॉनिटरच्या केबलवर असतो तसला फेराइटचा गोळा रेडिओजवळ अडकवावा.

आणि लपवण्याचं म्हणाल, तर ठिबकच्या नळीचं काळं कडं हीच मोठी युक्ती. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी एकदाच विचारलं, “हाई काय शे रे भाऊ?” ठिबकची नळी आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. अर्ध्या घरांच्या गॅलरीत शेतावरून आणलेलं असलं काही ना काही पडलेलं असतंच. अँटेना म्हटलं असतं, तर टॉवर, रेडिएशन आणि सोसायटीची मीटिंग इथपर्यंत गाडी गेली असती.

ज्यांना कठड्याच्या कडेनं आठ-दहा मीटर सलग जागा मिळते, त्यांनी साधी तारही लावून पाहावी. 26 गेजची इनॅमल तार अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर तीसुद्धा दिसते, रंगाच्या भिंतीलगत नेली तर शोधून सापडत नाही. कपडे वाळत घालायची प्लास्टिक चढवलेली तारही चालते, फक्त तिची टोकं ग्रिलला टेकू द्यायची नाहीत. तार खाली आहे म्हणून खंतावू नये. जमिनीलगतची आडवी तार वरून, जवळजवळ डोक्यावरून येणाऱ्या लाटा चांगल्या पकडते. 40 मीटरच्या पट्ट्यावर दिवसा पुण्या-नागपूरचे हॅम, म्हणजे हौसेनं रेडिओवर आपापसांत बोलणारे, बोलत असतात, त्यांचे आवाज अशाच लाटांवरून येतात. मध्ये सातपुडा असो की सह्याद्री, ती लाट डोंगरावरून उडी मारूनच खाली येते.

याच पट्ट्याला एक इतिहास आहे. 1942 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. त्याची लाट होती 42.34 मीटर, म्हणजे 7.08 मेगाहर्ट्झ. आज भारतातले परवानाधारक हॅम 7 ते 7.2 मेगाहर्ट्झवर बोलतात, त्याच्या जवळजवळ मधोमध.

पाठवायचं झालं की मात्र लहान लूप सगळी वसुली करतो. 22 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पाइपचं 1 मीटरचं कडं घेतलं, तर 7.1 मेगाहर्ट्झवर त्याचा प्रारण-रोध (शक्ती लाटा होऊन बाहेर जाते त्याचा हिशेब) भरतो सुमारे 6 मिलिओहम, आणि तांब्याचा स्वतःचा रोध 30 मिलिओहमच्या आसपास, कारण या वारंवारतेला प्रवाह धातूच्या नुसत्या पापुद्र्यातून वाहतो. म्हणजे दिलेल्या शक्तीचा जेमतेम सहावा हिस्सा हवेत, बाकीची धातू तापवण्यात. ऐकताना हीच गळती आपल्या गावीही नसते, कारण तीत संकेत आणि खरखर सारख्याच गळतात. शिवाय अवघ्या 10 वॉटला गँगवर दीड हजार व्होल्टच्या वर दाब चढतो. रेडिओतला साधा गँग त्यात ठिणग्या टाकेल आणि हात लागला तर भाजेल. पाठवायला दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो तो लागतोच.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग सातपुड्याकडे जमू लागले की गॅलरीबाहेरच्या तारेची पिन रेडिओतून काढून ठेवावी. गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबू नये. विजेच्या खांबावरच्या तारांच्या आसपास तर कुठल्याच ऋतूत, कितीही बारीक तार असली तरी, काही टाकू नये.