मूल 'केम' सोडून 'कम्ड' म्हणतं तेव्हा

इंग्रजी कानावर पडत वाढणारं मूल 'कम'चा (येणे) भूतकाळ आधी बरोबर 'केम' म्हणतं. मग काही महिन्यांनी तेच मूल 'कम्ड' म्हणू लागतं. घरच्यांना वाटतं, आलेलं विसरलं. पण 'कम्ड' मोठं माणूस म्हणत नाही, म्हणजे तो शब्द मुलानं ऐकून उचललेला नाही, स्वतः घडवलाय. क्रियापदाला शेवटी 'ईडी' जोडायचा, हा भूतकाळाचा नियम त्याच्या हाती लागलाय. मला ही चूक फार मोलाची वाटते.

1958 साली भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी हेच तपासलं. चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी 'रिक' हे बनावट क्रियापद दिलं आणि विचारलं, काल त्या माणसानं काय केलं? बहुतेकांनी 'रिक्ट' असं उत्तर दिलं. 'मॉट' या दुसऱ्या बनावट क्रियापदापाशी मात्र बरीच मुलं अडली.

का अडली, ते उच्चारात दिसतं. लिहिताना शेवटी 'ईडी' ही दोनच अक्षरं, पण बोलताना त्यांचे तीन आवाज होतात. घशावर बोट ठेवून नुसता 'प्' म्हणा, कंप जाणवत नाही. म्हणून 'हेल्प'चं 'हेल्प्ट'. 'प्ले'च्या शेवटी घसा थरथरतो, तिथे 'प्लेड'. आणि शब्द आधीच ट-ड वर संपत असेल तर मध्ये स्वर घालावा लागतो: 'वॉन्टिड'. 'मॉट' याच तिसऱ्या गटातलं.

मग 'केम', 'टुक', 'सेड' ही आडमुठी रूपं टिकली कशी? रोजच्या वापरानं. 2007 साली एरेझ लिबरमन, जाँ-बाप्टिस्ट मिशेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित, म्हणजे 'ईडी'चा नियम न पाळणारी, क्रियापदं तपासली. आज त्यांतली 98च अनियमित उरली आहेत. जे क्रियापद शंभरपट कमी वापरलं जातं, ते दहापट वेगानं नियमात येतं, असं त्यांना आढळलं. 'हेल्प'चाच भूतकाळ एके काळी 'होल्प' होता!

'वेन्ट' तर मुळात 'गो'चं नव्हेच. ते 'वेन्ड' या वेगळ्या क्रियापदाकडून आलं. आपल्या 'जा' आणि 'गेला'ची मुळंही अशीच दोन वेगळ्या संस्कृत धातूंत आहेत, 'या' आणि 'गम्'.

क्वचित प्रवाह उलटाही वाहतो. 'स्नीक'चं (गुपचूप सटकणे) 'स्नीक्ट' हे नियमित रूप चांगलं रुळलेलं असताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत 'स्नक' आलं, आणि आज ते तिथे सर्रास बोललं जातं.