होडी सरळ कोण धरतं?

दोन वर्षांपूर्वी बाबा मालवणहून आमच्याकडे इंग्लंडात लेस्टरला आले. दारातली शिडाची होडी त्यांनी चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "हिका उलांडी खंय आसा?"

कोकणातल्या छोट्या होडीला आडव्या दांड्यांनी एका बाजूला लाकडाचा ओंडका जोडलेला असतो, ती उलांडी. अंगाने अरुंद असूनही ती होडी सहजी कलंडत नाही, ते उलांडीमुळे. घरच्यांना घेऊन फिरायला गाडीमागे ट्रेलरवर नेता येईल अशी होडी घ्यायची म्हटलं की लोक लांबी विचारतात, केबिन आहे का विचारतात. मला बाबांचा प्रश्न पहिला वाटतो. वाऱ्याने ढकलल्यावर या होडीला सरळ कोण धरणार? रुंदी, तळाचं वजन, की आत बसलेली माणसं?

आमची होडी वेफेअरर. इयन प्रॉक्टर या इंग्रज आरेखकाने १९५७ साली आखलेली, ४.८२ मीटर लांब, १.८५ मीटर रुंद, वजन सुमारे १७० किलो. तळाला शिसं नाही की लोखंड नाही. मधोमध वरखाली फिरणारी एक फळी आहे, पण ती होडी आडवी वाहवू नये म्हणून. तोल सांभाळायला रुंदी आणि माणसं. यातली रुंदी फार गुणाची, कारण होडीचा सुरुवातीचा ताठपणा, म्हणजे कलायला तिचा विरोध, रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. रुंदी १० टक्के वाढवली की ताठपणा ३३ टक्के वाढतो. उलांडी तेच करते, वजन फारसं न वाढवता होडी रुंद करते. मात्र रुंदीची मदत एका कोनापर्यंतच. त्यापलीकडे होडी गेली की रुंद तळ तिला परत आणत नाही, आणि पूर्ण उलटली तर त्याच रुंदीमुळे ती उलटीच राहू पाहते.

आता वाऱ्याकडे बघू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. शीड १० चौरस मीटरचं धरा. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने १५ किलोचा जोर येतो. वारा दुप्पट, ताशी ३६ झाला की जोर चौपट, म्हणजे ६० किलो. हा जोर पाण्याच्या वर अडीचेक मीटरवर लागतो आणि खालची फळी पाण्याखाली अर्ध्या मीटरवर त्याला अडवते. म्हणजे तरफ झाली ३ मीटरची. किलो गुणिले मीटर असा हिशेब धरला तर होडीला पाडणारा जोर मंद वाऱ्यात ४५, जोराच्या वाऱ्यात १८०. समोर कोण? ७० किलोचा बाप आणि २५ किलोची आठ वर्षांची मुलगी, दोघं वाऱ्याच्या बाजूला काठावर, मधल्या रेषेपासून ९० सेंटिमीटरवर. त्यांचे होतात साधारण ८५. रुंदीची भर घालूनही १८० ला ते पुरत नाहीत. म्हणून मुलं बरोबर असताना मी इतरांच्या कितीतरी आधी रीफ करतो, म्हणजे शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधून टाकतो. रीफच्या दोऱ्या नीट नसलेली होडी कुटुंबासाठी मी घेणार नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो.

रटलंड वॉटर या तलावावर पहिल्याच दिवशी मी बाबांना म्हटलं, वाऱ्याच्या बाजूला सरका. ते सरकले, होडी सरळ झाली, आणि ते म्हणाले, "म्हणजे हिची उलांडी मीच मा?" अगदी तसंच.

फ्रँक डाय हा इंग्रज गृहस्थ १९६३ साली एका साथीदाराला घेऊन अशाच उघड्या वेफेअररमधून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळात डोलकाठी मोडली, होडी पुन्हा पुन्हा उलटली, तरी ते पोचले. माझ्या मनात त्याच्याबद्दल फार आदर आहे, पण होडी विकणारे ही गोष्ट सांगू लागले की ते दोघं कसलेले खलाशी होते हे आठवावं.

माणसांवर भिस्त ठेवायची नसेल तर तळाला वजन हवं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना तिथल्या सरोवरांवर कॅटॅलिना २२ हमखास दिसते. १९६९ पासूनची, हजारोंनी विकलेली. तळाखालच्या तिच्या फिरत्या कण्यात अडीचशे किलो बीड आहे. कणा वर घेतला की दोन फूट पाणी पुरतं. म्हातारी माणसं निवांत बसू शकतात, बाळ आत झोपतं. पण नुसती होडीच टनाच्या वर, मग गाडीही तशी ताकदीची लागते.

मधला मार्ग पाण्याच्या वजनाचा. उतारावरून होडी पाण्यात घातली की तळाची टाकी भरायची, परत निघताना रिकामी करायची. मॅकग्रेगर कंपनीच्या २६ फुटी होड्यांत असं अर्धा टन पाणी मावतं. पाण्यात पाण्याचं वजन ते काय, अशी शंका येते. टाकी भरली की होडी खोल बसते. वजनाचा मध्य खाली जातो, आणि तेवढं जास्त पाणी बाजूला सारायला होडीचा वरचा भाग बुडावा लागतो, म्हणून उचलून धरणाऱ्या जोराचा मध्य वर सरकतो. तोल यातून मिळतो. टाकी मात्र काठोकाठ भरलेली हवी. अर्धवट असली की होडी कलताच आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं.

ट्रेलरकडे लोक शेवटी बघतात, ही मोठी चूक. मीही केली. आमचा पहिला ट्रेलर चाकांसकट पाण्यात घालायचा होता. तासभराच्या प्रवासाने चाकांच्या मधले हब तापलेले असतात. गार पाण्यात गेले की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. दुसऱ्या मोसमात भर रस्त्यात बेअरिंग जाम झालं, मुली मागच्या सीटवर होत्या. आता आमच्याकडे जोडट्रेलर आहे. वरची हलकी हातगाडी होडीसह पाण्यात जाते, रस्त्याचा सांगाडा कोरडा राहतो. गाडीच्या हुकवर होडीसकट ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण ५ ते ७ टक्के भार यायला हवा. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

विकत घेण्याआधी विकणाऱ्याला तुमच्यासमोर डोलकाठी उभी करायला सांगा, घड्याळ लावून. उभी करण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघा. डोलकाठीच्या टोकाला २५ लिटरची हवेची उशी बांधली तर आडवी पडलेली होडी पूर्ण उलटत नाही. सहा मीटर लांबीच्या तरफेवर ती, वरच्याच किलो गुणिले मीटरच्या हिशेबाने, दीडशेचा जोर लावते.

आम्ही ऑगस्टमध्ये काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, होडी मुद्दाम आडवी पाडली. पाणी १५ अंशांच्या खाली असताना हे करू नये, थंडीने एकदम श्वास अडकतो. शिडाची दोरी मोकळी सोडून बायको फळीवर उभी राहिली. तिचं वजन ५२ किलो, होडी हलेना. मोठी मुलगी पोहत जाऊन तिच्या शेजारी फळीवर चढली, दोघी मागे रेलल्या, आणि शिडातून पाणी निथळत होडी हळूहळू उठली. मी त्या वेळी काठावरच उभा होतो. मी नसताना त्यांना ते जमतं की नाही, हेच बघायचं होतं.