विकास आराखड्याखालचा नकाशा

कुठल्याही नगरपालिकेच्या सभेत आज विकास आराखड्याचा विषय निघाला की ‘जीआयएस आधारित’ हे विशेषण त्याला चिकटून येतंच. निविदेत असतं, ठरावात असतं, बातमीतही असतं. त्यामुळे जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, ही काल-परवा संगणकासोबत आलेली गोष्ट आहे असा समज होतो. तिच्यामागची युक्ती मात्र संगणकाहून जुनी आहे. एकाच जागेचे उतार, माती, पाणी, रस्ते, मालकी असे वेगवेगळे नकाशे एकाच मापात काढायचे, एकावर एक ठेवायचे आणि आरपार बघायचं. अमेरिकेत वॉरन मॅनिंग या उद्यानरचनाकाराने १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बिलेरिका गावासाठी नेमकं हेच केलं होतं.

या पद्धतीला धार आणली उद्यानरचनाकार इयन मॅकहार्ग यांनी. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर रिचमंड पार्कवे नावाचा महामार्ग न्यायचा होता. रस्त्याच्या अभियंत्याला साधारणपणे दोनच गोष्टी मोजायची सवय असते, अंतर आणि खर्च. मॅकहार्ग यांनी वन, वन्यजीव, घरं, ऐतिहासिक जागा, निसरडे उतार, पुराचं पाणी यांचे पारदर्शक कागदावर वेगवेगळे नकाशे केले. जिथे नुकसान जास्त तिथे रंग गडद, कमी तिथे फिका. सगळे कागद एकत्र ठेवल्यावर जो फिका पट्टा उरला, तोच रस्त्याला योग्य मार्ग. त्यांच्या १९६९ च्या पुस्तकातून ही पद्धत जगभरच्या नियोजन अभ्यासक्रमांत गेली. जागेची निवड ही मोजून, दाखवून, वाद घालून करता येते, हे त्या गडद-फिक्या कागदांनी पहिल्यांदा सामान्य माणसाला डोळ्यांनी दाखवलं.

संगणकाचा प्रवेशही जागानिवडीच्या कामातूनच झाला. रॉजर टॉमलिन्सन हे १९६० च्या सुमारास ओटावामधल्या एका हवाई सर्वेक्षण कंपनीत काम करत होते. केनियात कागद गिरणीसाठी वृक्षलागवडीची जागा शोधायचं काम कंपनीकडे आलं होतं. नकाशे होते, निकष होते, पण इतके नकाशे हाताने एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळं काढायचा खर्च परवडेना, म्हणून ते राहिलं. हेच काम यंत्राकडून का करून घेऊ नये, हा विचार टॉमलिन्सन यांच्या डोक्यातून गेला नाही. कॅनडा सरकारला त्याच सुमारास देशभरच्या जमिनीची पाहणी करायची होती. त्यातून कॅनडा जिओग्राफिक इन्फॉर्मेशन सिस्टिम उभी राहिली आणि या शाखेला तिचं नावही मिळालं.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. १९६५ मध्ये हॉवर्ड फिशर यांनी हार्वर्डमध्ये प्रयोगशाळा काढली. तिथला सिमॅप हा प्रोग्रॅम साध्या लाइन प्रिंटरवर अक्षरांवर अक्षरं छापून गडद-फिका नकाशा काढायचा. त्याच प्रयोगशाळेत काम केलेले जॅक डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात एस्री ही संस्था सुरू केली. १९८२ मध्ये तिचं आर्क-इन्फो हे सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि सरकारी कार्यालयांत जीआयएस विकत घेता येऊ लागलं.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. तिकडे नकाशे हाताशी होते, ते एकत्र करणारं यंत्र नव्हतं. इकडे यंत्र यथावकाश विकत आलं, पण त्यात घालायचा नकाशा शेतसारा वसूल करण्यासाठी काढलेला होता. मुंबई इलाख्यातली जमीनमोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्याने मांडली. त्याआधीची प्रिंगल यांची मोजणी फसली होती. मोजणी शंकुसाखळीने व्हायची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. शेताचं टिपण, म्हणजे मापांसह कच्चं रेखाटन, निघालं, सर्व्हे नंबर पडला, आकार, म्हणजे सारा, ठरला की सरकारचं काम संपलं. घर कुठे आहे, ओढा पावसाळ्यात कुठवर पसरतो, याच्याशी त्या नकाशाला कर्तव्य नव्हतं. गावठाण तर बहुतेक गावनकाशांवर एक कोरा तुकडा असायचा, कारण त्यावर शेतसारा नव्हता.

यातले अनेक गावनकाशे एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, या मापाचे (१:७९२०) आहेत. अशा नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर चार मीटर रुंद होते. शेताच्या बांधाला ते चालून गेलं. शहराचा बारा मीटरचा रस्ता तिथे आखायचा म्हटलं, तर रेघेच्या जाडीतच कुणाचं तरी अंगण जातं. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. मुंबई शहराची वहिवाट निराळी. तिथे १८६५ ते १८७२ दरम्यान कर्नल लॉटन यांनी मोजणी केली, पुढे भूखंडांना सी. एस. नंबर आले, आणि उपनगरांत सी. टी. एस. नंबर. एकाच महापालिकेच्या हद्दीत जमिनीची ओळख सांगायच्या निदान दोन तऱ्हा. संगणकाला ‘हा भूखंड दाखव’ असं सांगण्याआधी त्याचं कुठलं नाव सांगायचं, हे ठरवावं लागतं.

नियोजनाचे कायदे या नकाशांवर उभे राहिले. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा, मग १९५४ चा, ज्याने विकास आराखडा बंधनकारक केला, आणि मग १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एमआरटीपी. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसरा १९८१ ते २००१ या काळासाठीचा, पण त्याची मंजुरी १९९१ ते १९९४ अशी तुकड्यातुकड्याने आली. काळ अर्धा सरल्यावर आराखडा लागू होणं याची आपल्याला इतकी सवय आहे की त्यावर कुणी विनोदसुद्धा करत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे चांगले होते, पण ते मिळत नसत. सीमाभाग आणि किनारपट्टीचे नकाशे निर्बंधित होते, आणि महाराष्ट्राला किनारा मोठा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी एक अशा दोन मालिका केल्या. खरी मोकळीक फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली. यात एक तांत्रिक पाचर होती. जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा आकार धरून काढलेले, आणि जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या आकारावर. रूपांतर न करता दोन्ही एकत्र ठेवले की इमारती रस्त्यावर सरकतात. अशा वेळी जुना नकाशा रबरासारखा ताणून नव्यावर बसवायचा मोह होतो. एका कोपऱ्यात जुळवावं, तर दुसऱ्या कोपऱ्यात फाटतं.

उपग्रहांनी यातून सुटका होईल असं वाटलं होतं. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सुटला आणि त्याच सुमारास नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभं राहिलं. पण त्या उपग्रहाच्या चांगल्या कॅमेऱ्यातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ३६ मीटरचा होता. पीक, पडीक, जंगल, पाणी दिसायचं, चाळ दिसायची नाही. १९९५ च्या आयआरएस-१सी ने ठिपका ५.८ मीटरवर आणला, २००५ च्या कार्टोसॅट-१ ने २.५ मीटरवर, आणि त्यानंतर मीटरच्याही आत. शहर नियोजनाला उपग्रह खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागला तो इथे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराला उंच-सखल दाखवणारा बारकाईचा नकाशा हवा, हेही तेव्हाच सगळ्यांना पटलं.

मुंबईच्या तिसऱ्या, २०१४ ते २०३४ च्या आराखड्याची तयारी सुरू झाली ती अशा भरात. एमआरटीपीच्या कलम २५ प्रमाणे आधी विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. या वेळी तो जीआयएसवर झाला. तो बाहेर आला तेव्हाच नागरी संघटनांनी चुकांच्या याद्या द्यायला सुरुवात केली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि गोंधळ उडाला.

हरकतींत दोन जाती होत्या आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण वर्तमानपत्रांत त्या एकत्र झाल्या. काही हरकती धोरणावर होत्या. आरे वसाहतीत विकासाला वाट द्यावी का, स्थानकांजवळ आठपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम, द्यावा का, याची उत्तरं कुठलाही नकाशा देत नाही. उरलेल्या हरकती मात्र सरळ चुका दाखवणाऱ्या होत्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तूंची नोंद नाही, आहेत त्या सुविधा चुकीच्या नावाने, कोळीवाडे आणि गावठाणं नीट दाखवलेली नाहीत. वरून घेतलेल्या छायाचित्रात छप्पर दिसतं. छपराखाली शाळा भरते, दवाखाना चालतो की गोदाम आहे, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. गावठाणांचं तर कारण दीडशे वर्षं जुनं. ज्याची सीमा मुळात कुणी नीट मोजलीच नाही, ती संगणकात येणार कुठून?

एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा बाजूला ठेवून काम नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं. त्याआधी विद्यमान सुविधा आणि रस्ते विभागवार तपासले गेले. मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. सॉफ्टवेअर पहिल्या वेळीही होतं आणि दुसऱ्या वेळीही. फरक पडला तो पायी फिरून केलेल्या पडताळणीने, आणि माझ्या मते या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच आहे, बाकी दोषारोप फार झाले.

दरम्यान केंद्राने २०१५ मध्ये शहरांसाठी अमृत योजना आणली. तिच्यात ५०० शहरांचे आराखडे जीआयएसवर करायची उपयोजना होती, माप १:४०००. सारा वसुलीच्या नकाशापेक्षा हे जवळपास दुप्पट मोठं माप. गावठाणांचा कोरा तुकडा भरायचं कामही सुरू झालं. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना त्याच पद्धतीने देशभर निघाली.

आता जागानिवडीकडे परत यावं, कारण सामान्य माणसाला जीआयएस भेटतं ते बहुधा तिथे, आपल्या गावाजवळ कचरा येणार असं कळल्यावर. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावभूमीसाठी, म्हणजे कचरा पुरायच्या जागेसाठी, अंतरं दिली होती. नदीपासून १०० मीटर, तळं, महामार्ग, वस्ती, उद्यान, पाण्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर, आणि खास बाब म्हणून परवानगी घेऊन १० ते २० किलोमीटरच्या मधे. प्रत्येक अंतराचा पट्टा आखून वजा करत जायचं, उरेल ती जागा. हाताने आठवडे खाणारं काम संगणकावर दुपारभरात होतं. सांताक्रूझच्या विमानतळाभोवती २० किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, बृहन्मुंबई जवळजवळ सगळी आत येते. देवनारचं डंपिंग ग्राउंड तर १९२७ पासूनचं, म्हणजे कचरा विमानतळाच्या आधी आलेला.

नियमांतली अंतरं वजा करणं सोपं, कारण ती छापील आहेत. अडचण पुढे येते. उरलेल्या चार जागांत कुठली बरी हे ठरवताना उताराला किती गुण, रस्त्याच्या जवळिकीला किती, जमिनीच्या किमतीला किती, हे कुणीतरी लिहावं लागतं. गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात यासाठी दोन-दोन निकषांची तुलना करत भार काढायची पद्धत दिली आणि ती जीआयएस सोबत सर्रास वापरली जाते. पद्धत नेटकी आहे, पण ‘हे त्याहून तिप्पट महत्त्वाचं’ असं म्हणणारा माणूस तिच्यात लागतोच. जमिनीच्या किमतीला भार वाढवला की निवड आपोआप स्वस्त जमिनीकडे, म्हणजे बहुधा हद्दीबाहेरच्या गावाकडे सरकते. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा लोकांच्या हाती पडतो तो रंगवून झालेला शेवटचा नकाशा. गुणांचा तक्ता त्याला जोडायचं बंधन एमआरटीपी कायद्यात नाही.