आपत्कालीन विभाग आणि प्रौढ रुग्ण

रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, म्हणजेच कॅज्युअल्टी, चोवीस तास उघडा असतो आणि तिथे जायला आधी वेळ घ्यावी लागत नाही. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यापासून मुरगळलेल्या घोट्यापर्यंत सगळी दुखणी एकाच दारातून आत येतात.

बरेचसे प्रौढ रुग्ण स्वतःच्या पायांनी किंवा नातेवाइकांच्या गाडीतून येतात. वय वाढते तसे रुग्णवाहिकेतून येणाऱ्यांचे प्रमाण वाढते. काहींना त्यांचे नेहमीचे डॉक्टर पाठवतात, तर काहींना पोलीस आणतात. कसे आलो यालाही महत्त्व आहे. पक्षाघाताचा रुग्ण येतो आहे, हे रुग्णवाहिकेतून आधीच कळले तर सीटी स्कॅनची तयारी तो पोचण्यापूर्वीच होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून 4.5 तासांच्या आत द्यावे लागते. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत घरी थांबलेल्या रुग्णाच्या हातून नेमकी हीच वेळ निघून जाते.

आत आल्यावर रांग आलेल्या क्रमाने लागत नाही. परिचारिका काय होतंय, कधीपासून, असे मोजके प्रश्न विचारते. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ताप आणि रक्तातील ऑक्सिजन पाहते. छातीत दुखत असेल तर 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा दंडक आहे. दुखण्याच्या गांभीर्यानुसार होणाऱ्या या वर्गवारीला ट्रायाज म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे यांनी जखमींवर हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार सुरू केले, तिथे तिचे मूळ सांगितले जाते. ट्रायाजच्या मँचेस्टर या ब्रिटिश पद्धतीत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा असे पाच गट असतात. लाल गटातील रुग्णाला तत्काळ पाहतात. सर्वांत कमी तातडीच्या निळ्या गटासाठी 240 मिनिटांची मर्यादा आहे.

‘किरकोळ तक्रारी घेऊन लोक उगाच येतात’ हा आरोप जुना आहे, पण तो रुग्णांवर अन्याय करणारा आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साध्या दवाखान्यात भागले असते असे अंतिम निदान फक्त 6.3 टक्के भेटींत निघाले. मात्र त्या रुग्णांनी येताना सांगितल्या तशाच तक्रारी एकूण भेटींपैकी 88.7 टक्के भेटींत सांगितल्या गेल्या होत्या. छातीतली जळजळ आम्लपित्ताची की हृदयाची, हे तपासणीनंतर कळते. घरी बसलेल्या माणसाने ते आधीच ओळखावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दुसरे दार उघडे नसते, हेही येण्याचे मोठे कारण असते.

वर्षातून चार किंवा अधिक वेळा येणाऱ्यांना अनेक अभ्यासांत ‘वारंवार येणारे’ म्हटले जाते. संख्येने ते थोडे असले तरी एकूण भेटींत त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांच्यात दीर्घकालीन आजार, मानसिक विकार, व्यसन आणि बेघरपणा यांचे प्रमाण अधिक आढळते.

गर्दीचे मुख्य कारणही किरकोळ रुग्ण नव्हे. दाखल करायचे ठरलेल्या रुग्णांना वॉर्डात खाट मिळत नाही, म्हणून ते तासन्‌तास विभागातच स्ट्रेचरवर पडून राहतात, आणि नव्याने आलेल्यांना तपासायला जागा उरत नाही. वाट पाहून थकलेले काही जण मग डॉक्टरांनी पाहण्याआधीच निघून जातात.