जॅझवाले थांबतात तेव्हा मागे काय उरतं: थोडी पार्श्वभूमी

जॅझमधली जुनी मंडळी एकेक करून थांबली ती मुख्यतः गेल्या दहा-पंधरा वर्षांत. सॉनी रॉलिन्स २०१२ नंतर स्टेजवर आला नाही आणि दोनेक वर्षांत फुफ्फुसांच्या फायब्रोसिसमुळे त्याला सॅक्सोफोन कायमचा ठेवून द्यावा लागला. व्हायब्राफोनवाल्या (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) गॅरी बर्टनने २०१७ मध्ये शेवटची टूर करून रीतसर निरोप घेतला. पियानोवाल्या कीथ जॅरेटला २०१८ च्या फेब्रुवारीत आणि मग मे महिन्यात असे दोन स्ट्रोक आले, पण लोकांना ते कळलं थेट ऑक्टोबर २०२० मध्ये. मुंबईत जॅझ ऐकणारे मोजकेच, पण अशी बातमी आली की आपल्यातही तोच वाद सुरू होतो, माणूस थांबला तरी त्याच्या नावावर रेकॉर्ड येत राहतात ते बरोबर की चूक. त्यावर मला बोलायचंय, पण त्याआधी थोडं मागचं.

पूर्वी थांबणं म्हणजे संपणं नव्हतं. आर्टी शॉ हा अपवाद, त्याने १९५४ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी क्लॅरिनेट सोडलं, त्यानंतर पन्नास वर्षं जगला पण वादक म्हणून काही परत आला नाही. बाकीचे परतायचे. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस १९७५ मध्ये तब्येत पार खचल्यावर घरी बसला आणि १९८१ मध्ये नवा अल्बम घेऊन बाहेर पडला. रॉलिन्स तर एकदा नाही, दोनदा गायब झाला. १९५९ मध्ये नाव जोरात असताना त्याने क्लबमधलं वाजवणं बंद केलं, आणि घरी रियाज केला तर शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवत बसायचा, खाली बोटींचे भोंगे, बाजूने धडधडत ट्रेन जातायत आणि हा त्या सगळ्याच्या वर सूर काढतोय, असं १९६१ पर्यंत चाललं. साठच्या दशकाच्या शेवटी तो भारतात आला आणि आपल्या पवईतल्या आश्रमात राहून योग आणि वेदान्त शिकला. पवईच्या या मुक्कामाबद्दल मुंबईतल्या लोकांनाच माहिती नसते याचं मला फार वाईट वाटतं. पुढे १९७८ मध्ये जॅझ यात्रा या महोत्सवाच्या पहिल्या खेपेला वाजवायला तो परत मुंबईला आला, आणि त्या वेळी ज्यांनी त्याला ऐकलं ते आजही त्याबद्दल भरभरून बोलतात.

तेव्हा ही सगळी मंडळी तिशी-चाळिशीतली होती, दम खायला थांबायची. आता जे थांबतायत ते सत्तरी-ऐंशीतले आणि शरीरच साथ देत नाही म्हणून थांबतायत. पियानोवाला तुलनेने जास्त टिकतो, ऑस्कर पीटरसनला १९९३ मध्ये स्ट्रोक आला, डावा हात कमजोर झाला, तरी तो परत आला आणि पुढे बरीच वर्षं वाजवत राहिला. जॅरेटचं तसं झालं नाही. डाव्या हाताने फार तर एखादा कप धरता येईल, एवढीच आशा असल्याचं त्याने स्वतः सांगितलं. ज्या माणसाने १९७५ मध्ये कोलनमध्ये स्टेजवर बसून तासाभराहून जास्त वेळ आयत्या वेळी सुचलेलं वाजवलं, त्याच्याकडे आज फक्त उजवा हात आहे.

आता मूळ वाद. जॅरेटची शेवटची सोलो मैफल फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्कला झाली. त्याआधी जुलै २०१६ मध्ये तो युरोपात फिरला होता आणि त्याच्या मैफली रेकॉर्ड व्हायच्याच. त्या एका दौऱ्यातून म्युनिक २०१९ मध्ये आलं, बुडापेस्ट २०२० मध्ये, बोर्दो २०२२ मध्ये आणि व्हिएन्ना २०२५ मध्ये. दोन आठवड्यांच्या आतल्या चार रात्री आणि चार वेगवेगळे अल्बम. टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की माणूस वाजवू शकत नाही म्हणून रेकॉर्ड कंपनी कपाटं रिकामी करतेय, आणि असंच चालू राहिलं तर हा आता थांबलाय हे लोकांच्या ध्यानातच येणार नाही, दरवर्षी-दोन वर्षांनी नवीन काहीतरी हातात पडतंच. दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, की मैफलीतलं इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं, त्या रात्रीपुरतं असतं, वादकाने ते तिथेच सोडून दिलेलं असतं, मग इतक्या वर्षांनी ते काढून विकायचं का?

मला हे दोन्ही मुद्दे तितकेसे पटत नाहीत. एक तर माणूस हयात आहे आणि त्याची संमती आहे, बुडापेस्टची मैफल तर आपल्या सोलो वाजवण्यात त्याला स्वतःला फार वरची वाटत होती. म्हणजे मेलेल्या माणसाच्या घरात सापडलेल्या टेपांसारखं हे प्रकरण नाही, त्यात आणि यात फरक करायला हवा, आणि लोक तो करत नाहीत. दुसरं, रॉलिन्सनेही हेच केलं होतं, वाजवत असतानाच त्याने आपल्या जुन्या मैफलींमधून निवडून निवडून एक मालिका काढायला सुरुवात केली, २००८ पासून २०१६ पर्यंत चार भाग आले, आणि तो स्वतःच्या रेकॉर्डिंगबाबत किती चिकित्सक हे सगळ्यांना माहीत आहे. नंतर २०१७ मध्ये त्याने आपले कागद, रियाजाच्या वह्या, टेपा असं सगळं न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक लायब्ररीच्या संशोधन केंद्राकडे दिलं. निवृत्त झालेल्या वादकाला आपल्या मागे काय राहावं हे स्वतः ठरवता येतंय, यात वाईट काय? चार अल्बम जास्त वाटत असतील तर दोन ऐका. पण मी इतका एका बाजूने बोलतोय त्याचं खरं कारण आपली मुंबई आहे.

मुंबईतलं जुनं बहुतेकांना ठाऊक असतं. १९३५ च्या सुमारास कुलाब्याच्या मोठ्या हॉटेलच्या बॉलरूममध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन बँड आला, गोव्याच्या पोरांनी ते संगीत कान देऊन उचललं, मग १९४९ चा दारूबंदीचा कायदा, क्लबचा धंदा बसला आणि धोबी तलावच्या कुडांमध्ये (गोव्यातल्या गावांनी आपल्या माणसांसाठी चालवलेल्या वसतिगृहांमध्ये) राहणारे ट्रम्पेटवाले, सॅक्सवाले फिल्म स्टुडिओकडे वळले. चर्चगेटच्या हॉटेलांमध्ये साठ-सत्तरच्या दशकात परत बहर आला खरा, पण पोट भरायचं ते रेकॉर्डिंगच्या शिफ्टवर. आणि खरी अडचण तिथेच झाली. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार आणि गायकाचं नाव, पण मधला तो सॅक्सचा तुकडा कोणी वाजवला ते कुठेच नाही. शिफ्ट संपली, पैसे मिळाले, विषय संपला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला कलाकार म्हणून हक्कच नव्हता, तो आला १९९४ च्या दुरुस्तीत, आणि तिथेही सिनेमासाठी एकदा वाजवायला होकार दिला की पुढे काही मागता येत नव्हतं. रॉयल्टीची तरतूद २०१२ मध्ये झाली, तोपर्यंत बहुतेकांनी वाद्य ठेवून दिलेलं होतं किंवा ते गेलेले होते.

मुंबईत कुणी जॅझवाल्याने निवृत्ती जाहीर केली असं सहसा झालं नाही. काम आपोआप कमी होत गेलं. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला आणि वीस जणांच्या जागी एक जण कीबोर्ड घेऊन बसला, मग फोन यायचे बंद झाले. फुंकून वाजवणाऱ्यांना वर दातांचं दुखणं, सॅक्सचा माउथपीस वरच्या दातांवर टेकतो आणि रीडखाली दुमडलेल्या ओठाला खालच्या दातांचा आधार लागतो, पुढचे दात गेले आणि कवळी आली की जुना टोन परत मिळवायला मेहनत घ्यावी लागते, आणि साठी उलटल्यावर काम नसताना ती मेहनत कोण घेणार. कित्येक जण गुपचूप गोव्याला परत गेले, काहीजण मुलांना पियानो, व्हायोलिन शिकवत राहिले, काहीजण फक्त रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. चर्चगेटच्या हॉटेलमध्ये गाऊन नाव केलेली एक कोंकणी गायिका सत्तरच्या दशकात गप्प झाली ती थेट १९९५ मध्ये गोव्यात परत स्टेजवर आली, अशी उदाहरणं विरळाच.

जॅझ यात्रेच्या निमित्ताने दर दोन वर्षांनी जुन्यांना रंगभवन या खुल्या नाट्यगृहाचं स्टेज मिळायचं. पण आजूबाजूला हॉस्पिटल, कोर्ट, कॉलेज, त्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि २००३ च्या सुमारास रंगभवन संगीतासाठी बंद झालं. शांतता क्षेत्राला माझा विरोध नाही, हॉस्पिटलमधल्या पेशंटला झोप हवीच. पण पर्यायी जागा देण्याचं जे बोललं गेलं त्याचं काय झालं हे कोणी विचारलं नाही, आणि नंतर लोअर परळला निघालेला मोठा क्लबही २०१६ मध्ये बंद झाला. तिथे बहुतेक वेळा तरुण बँड असायचे, सत्तरीतल्या माणसाला बोलावणं क्वचितच.

म्हणून त्या चार अल्बमच्या वादात मी कंपनीच्या बाजूने उभा राहतो. आपल्याकडे चर्चगेटच्या हॉटेलातली एक सलग रात्र नीट रेकॉर्ड झालेली शोधायला गेलं तर हाती जवळपास काही लागत नाही, जे आहे ते सिनेमाच्या गाण्यांमध्ये विखुरलेले आठ-आठ, सोळा-सोळा बारचे (मात्रांच्या आवर्तनांचे) तुकडे, तेही नावाशिवाय. सध्या काही हौशी लोक जुन्या वादकांकडे जाऊन गाणं लावतात आणि विचारतात, हा ट्रम्पेट कोणाचा, हा सॅक्स कोणाचा, आणि उत्तर वहीत लिहून घेतात. काही वेळा दोन जण दोन वेगळी नावं सांगतात आणि मग तिसऱ्याला शोधावं लागतं. ही यादी अजून निम्मीही झालेली नाही, आणि कॅसेटवर घरगुती रेकॉर्डिंग असलेली बरीच घरं वांद्रे, माहीम, ओरलेमकडे आहेत, तिथे जाऊन टेपा डिजिटल करून घेण्याचं काम कुणी हातात घेतलेलं मला तरी दिसलेलं नाही.