हृदयस्नायूचे आकुंचन : कॅल्शियम आणि उत्तेजक द्रव्ये

ठोक्याचा जोर मुख्यतः एका गोष्टीवर ठरतो : त्या क्षणी हृदयाच्या स्नायुपेशीत कॅल्शियम किती वाढले. हातापायाच्या स्नायूंना आतला साठा पुरतो. हृदयाला मात्र दर ठोक्याला बाहेरून थोडे कॅल्शियम आत घ्यावेच लागते.

हे कळले ते पाण्यामुळे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना दिसले, की नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय चालत राहते, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात मात्र मंदावून थांबते. फरक होता तो नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. सांगलीकडे बोअरचे पाणी तापवून भांड्याला जो पांढरा थर चढतो, त्यातही मुख्यतः तेच असते.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग पुढे वर्षानुवर्षे चालला. मिरजेत शिकलेल्या जुन्या डॉक्टरांना काजळी धरलेला कागद आणि त्यावर हृदयाला जोडलेल्या तरफेच्या टोकाने उमटणारी पांढरी रेघ आठवत असेल. कॅल्शियमचे थेंब पडले की रेघ उंचावते. अति झाले तर हृदय आवळलेलेच थांबते. पोटॅशियम अति झाले तर ते सैल पडून थांबते.

विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. विद्युत्‌संदेश आला की थोडे आत शिरते, ते आतल्या साठ्याचे दार उघडते, आणि ट्रोपोनिन या प्रथिनाला कॅल्शियम चिकटले की तंतू एकमेकांवर सरकतात. कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढले गेले की स्नायू सैलावतो.

अजिंक्यतारा चढताना छाती धडधडते ती अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांमुळे. त्यांनी कॅल्शियम जास्त येते, शिवाय परतही लवकर ओढले जाते. म्हणून वेग वाढूनही हृदयाला भरायला उसंत मिळते. अ‍ॅम्फेटामिन आणि कोकेन ही उत्तेजक द्रव्ये शरीराच्याच नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम वाढवतात. सातारा-सांगलीत आढळणाऱ्या लाल विंचवाच्या विषानेही या द्रव्यांचा लोंढा सुटतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्याने कितीतरी जीव वाचले.

डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाची वाट वेगळी. डिजिटालिस वनस्पतीचे गुण विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये नोंदवले. तिच्यातली द्रव्ये सोडियम बाहेर काढणारा पंप अडवतात, आत सोडियम साचते, आणि मग कॅल्शियमही नीट बाहेर पडत नाही. आपल्याकडे कुंपणाला लावलेल्या बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बियांत याच जातीची विषे असतात. मुले त्या बियांशी खेळतात, म्हणून हे नीट सांगायला हवे : बी पोटात गेल्यावर उलटी होते, नाडी मंदावते, उलटीनंतर बरे वाटले तरी ठोक्यांची लय उशिराही बिघडू शकते. त्यामुळे ईसीजीवर सतत लक्ष राहील अशा दवाखान्यात रुग्णाला लगेच न्यावे.